क्लार्क्सबर्ग, २०१४: हुक लावलेला होता, टॉवरच खाली आला

१ फेब्रुवारी २०१४, शनिवार. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात क्लार्क्सबर्ग म्हणून एक छोटं शहर आहे, डोंगराळ भाग, ऐन हिवाळा. शहराबाहेर दोन मोबाइल टॉवर शेजारी शेजारी उभे होते आणि त्यातल्या मोठ्यावर ओक्लाहोमाहून, म्हणजे जवळपास दीड हजार किलोमीटरवरून आलेली ठेकेदाराची टीम काम करत होती. काम टॉवर मजबूत करायचं होतं. जुने तिरके मेंबर, म्हणजे टॉवरच्या पायांना एकमेकांशी जोडणारे लोखंडी दांडे, काढायचे आणि त्यांच्या जागी जास्त ताकदीचे नवे बसवायचे. ते चालू असतानाच टॉवर कोसळला. दोन कामगार गेले, दोघं जखमी झाले. मदतीला फायर ब्रिगेड आली, ते लोक तिथं असतानाच शेजारचा लहान टॉवरही पडला आणि नटर फोर्टच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातला २८ वर्षांचा एक जवान त्यात गेला. एका दिवसात एकाच साइटवर तीन माणसं.

टॉवरच्या कामात सेफ्टी म्हटलं की बोलणं हार्नेसपासून, म्हणजे अंगाला बांधायच्या सेफ्टी पट्ट्यांपासून, सुरू होतं आणि हार्नेसपाशीच संपतं. हेल्मेट घातलं का, फुल बॉडी हार्नेस आहे का, डबल लॅनयार्ड, म्हणजे हुकाच्या दोन दोऱ्या, आहेत का, फोटो काढून ग्रुपवर टाकला का, झालं. हे सगळं पाहिजेच, त्यात वादच नाही, ह्या धंद्यात सगळ्यात जास्त माणसं उंचावरून पडूनच मरतात. पण क्लार्क्सबर्गमध्ये माणसं टॉवरला बांधलेली होती आणि टॉवर त्यांना घेऊन खाली आला, म्हणून ही केस मी प्रत्येक नव्या सुपरवायझरला सांगतो. हार्नेस तुम्हाला लोखंडाशी बांधतो. लोखंड कशाच्या जोरावर उभं आहे हे बघायचं काम हार्नेसचं नाही.

आता तो टॉवर कसा होता ते. आपल्याकडे जास्त करून चार पायांचे, खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले, स्वतःच्या पायावर उभे असे टॉवर दिसतात. क्लार्क्सबर्गचा त्या जातीचा नव्हता, तो ताणाच्या तारांवर उभा होता. असा टॉवर म्हणजे खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा बारीक खांब, साधारण तीन पायांचा, पायांच्या मध्ये आडवे आणि तिरके मेंबर, आणि वेगवेगळ्या उंचीवरून तीन दिशांना स्टीलचे दोर ओढून जमिनीत अँकर केलेले. मांडवाचे किंवा तंबूचे तणावे असतात ना, तसंच. तणावे नसतील तर तो खांब उभाच राहू शकत नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी केस तिच्यावर उभी आहे. वारा नाही, बर्फ नाही, वर कोणी चढलेलं नाही, तरी त्या टॉवरच्या पायांवर लोड असतोच. ते दोर सैल सोडलेले नसतात, त्यांना आधीच ताण दिलेला असतो, साधारण त्यांच्या तुटण्याच्या ताकदीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आणि हे सगळे दोर मिळून खांबाला चोवीस तास खाली दाबत असतात. वरून खांबाचं स्वतःचं वजन, अँटेना, केबल. त्यामुळे आज वारा पडलाय, आकाश स्वच्छ आहे, आज मेंबर काढले तर काय होतंय, हा विचार अशा टॉवरवर चालत नाही. शांत हवेतही पाय दाबाखाली असतात.

आणि दाबाखाली असलेला पाय चिरडून जात नाही, तो वाकतो. शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून बोटानं दाबा, पटकन बाजूला वाकते. आता तीच पट्टी बरोबर मध्यावर दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा आणि परत दाबा, सहजासहजी वाकणार नाही, चौपट जोर लागेल. पट्टी तीच, फक्त आधार नसलेली लांबी अर्धी झाली. हा ऑयलर नावाच्या गणितज्ञाचा अठराव्या शतकातला हिशोब आहे, लांबी दुप्पट झाली की ताकद चौथाई. टॉवरवर ती चिमूट म्हणजे आडवे-तिरके मेंबर. खालून बघणाऱ्याला ते पायांच्या मानाने काडीसारखे बारीक वाटतात, म्हणून ते काढणं किरकोळ वाटतं, दोन बोल्ट खोलले की मेंबर हातात. पण मेंबर हातात आला त्या क्षणी पायाची चिमूट सुटलेली असते, शिवाय वाऱ्याचा आडवा जोर खाली पोचवायचं कामही तेच तिरके मेंबर करतात तेही बंद पडतं.

म्हणून मेंबर बदलायचं असेल तर त्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती काही गुपित नाही. आधी तात्पुरता आधार बसवायचा, जुन्याचा लोड तो घेऊ शकेल एवढ्या ताकदीचा, आणि तो किती ताकदीचा पाहिजे हे इंजिनियरनं कागदावर काढून दिलेलं पाहिजे. मग एक जुना काढायचा, नवा बसवायचा, बोल्ट पूर्ण आवळायचे आणि मगच पुढच्याला हात लावायचा. एका वेळी एकच. संध्याकाळ झाली, वारा सुटला, काहीही झालं तरी टॉवर अर्धवट उघडा ठेवून खाली उतरायचं नाही. अमेरिकेत तर ह्या कामांसाठी टीआयए-१०१९-ए नावाचं स्टँडर्ड २०११ पासूनच होतं, कामाच्या धोक्याप्रमाणे चार वर्ग पाडून रिगिंग प्लॅन, म्हणजे वजन कसं उचलायचं आणि आधार कसे द्यायचे ह्याचा आराखडा, करायचा असं त्यात सांगितलेलं होतं. म्हणजे माहिती जगात होती, फक्त त्या टॉवरवर पोचली नव्हती.

ओशा म्हणजे अमेरिकेचं कामगार सुरक्षा खातं, त्यांनी चौकशी केली आणि ठेकेदारावर दोन गंभीर ठपके ठेवले. पहिला सरळ आहे, तात्पुरते आधार न लावता तिरके मेंबर काढायला लावले. दुसरा मला जास्त अस्वस्थ करतो. कामगारांनी हुक ज्या मेंबरना अडकवले होते ते ५,००० पौंडांचा भार झेलतील असे नव्हते. ५,००० पौंड म्हणजे साधारण २,२७० किलो, आणि एका माणसासाठी एवढं कशाला असं नवीन पोरांना वाटतं, म्हणून जरा सांगतो. माणूस वजनाला शंभर किलो धरला तरी तो दोरीवर लटकलेला नसतो, तो पडत असतो आणि झटक्यात थांबतो. शॉक अब्सॉर्बर असला तरी तो झटका माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, नियमाप्रमाणे हार्नेसमधल्या माणसावर १,८०० पौंडांपेक्षा जास्त जोर येता कामा नये, म्हणजे शरीरावरच आठशे किलोच्या घरात जोर येऊ शकतो हे धरलेलं आहे. अँकर, म्हणजे हुक अडकवायचं लोखंड, त्याच्या अडीच-पावणेतीन पट ताकदीचं पाहिजे, कारण लोखंड गंजलेलं असू शकतं, बोल्ट ढिला असू शकतो, हुक तिरका बसू शकतो.

आता ह्या दोन ठपक्यांना जोडून बघा. वर चढलेला माणूस हुक लावायला जवळचं लोखंड शोधतो, हाताला येतो तो तिरका मेंबर, आणि त्या दिवशीचं कामच तिरके मेंबर खोलायचं. म्हणजे ज्यावर जीव टांगायचा तेच सुटं करायचं. हा निष्काळजी माणसाचा प्रकार वाटत असेल तर तसं नाही, टॉवरवर सहा-सात तास लटकून काम करणाऱ्याला दर वेळी मुख्य पायाला वळसा घालून अडकवायला जास्त वेळ लागतो, थंडीत हातमोजे घालून तर आणखीनच, आणि कोणत्या लोखंडाला अडकायचं, कोणत्याला नाही हे खालूनच रंगाची खूण करून कोणी सांगितलं नसेल तर हात आपोआप जवळच्याकडेच जातो. ठपका ठेकेदारावर ठेवलाय तो म्हणूनच बरोबर आहे.

तेव्हा कायद्यात एका गंभीर ठपक्याला जास्तीत जास्त दंडच ७,००० डॉलर होता, म्हणजे दोन्ही ठपक्यांचा मिळून फार तर १४,०००. तेव्हाच्या भावानं साडेआठ लाख रुपयांच्या आसपास. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा परत परत वाचला. तात्पुरते आधार बनवून आणणं, दोन दिवस जास्त थांबणं, इंजिनियरला परत विचारणं ह्याचा खर्च आणि हा दंड शेजारी शेजारी ठेवला तर ठेकेदाराला कायद्याची भीती वाटावी असं त्यात काही नाही.

दुसऱ्या टॉवरबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला वाटतं त्यावर जास्त बोललं पाहिजे. पहिला टॉवर पडताना त्याच्या धक्क्यानं शेजारचा लहान टॉवरही कमजोर झाला. तो उभा होता म्हणून शाबूत दिसत होता, पण तारांवर उभ्या टॉवरचं शाबूतपण त्याच्या तारांत असतं आणि तारा शाबूत आहेत का हे रस्त्यावरून बघून कळत नाही. फायर ब्रिगेडवाले आपलं काम करत होते, दबलेल्या माणसांपर्यंत पोचायचं. त्यांना घरं जळतानाचा अनुभव, गाड्या धडकल्याचा अनुभव, टॉवरचा अनुभव कोणत्या गावच्या स्वयंसेवी दलाला असणार. अशा जागी उरलेल्या टॉवरच्या उंचीएवढं अंतर तरी सगळीकडून रिकामं ठेवायला पाहिजे, आणि त्याच्या तारा आणि अँकर कुठपर्यंत गेलेत तेही धरायला पाहिजे, कारण तार तुटली की चाबकासारखी येते. पण आत माणूस अडकलाय आणि तुम्ही त्याला लांबून बघत उभे राहा, हे सांगणं फार अवघड आहे. हे त्या क्षणी सुचत नाही, आधीच सांगितलेलं असावं लागतं. काम सुरू व्हायच्या आधी साइटवाल्यांनी जवळच्या फायर स्टेशनला जाऊन इथं काय चाललंय, पडलं तर काय काय पडू शकतं, कोणाला फोन करायचा, एवढं जरी सांगितलं असतं तर. मी हे ‘जर-तर’ तीन मेलेल्या माणसांवर बोलतोय ह्याची मला जाणीव आहे, पण पुढच्यासाठी ते बोलावंच लागतं.

क्लार्क्सबर्ग एकटं घडलेलं नव्हतं. २०१३ साली अमेरिकेत १३ टॉवर कामगार मेले, आधीच्या दोन वर्षांत मिळून जेवढे मेले त्याहून जास्त, आणि २०१४ च्या पहिल्या काही आठवड्यांतच आणखी चार गेले. फोर-जीची घाई चालू होती, जुन्या टॉवरवर नवीन वजन चढत होतं. फेब्रुवारीतच ओशाचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड मायकेल्स यांनी टॉवरचं काम करणाऱ्या कंपन्यांना पत्र पाठवून ताकीद दिली. त्यांच्याही आधी, २००८ साली, एडविन फाउल्क ह्या पदावर असताना त्यांनी टॉवरवर चढण्याला अमेरिकेतलं सगळ्यात धोक्याचं काम म्हटलं होतं. आणि २०१२ साली तिथल्या पत्रकारांनी जुनी कागदपत्रं उकरून काढली तेव्हा निघालं की २००३ ते २०११ मध्ये मोबाइलच्या साइटवर काम करताना ५० माणसं गेली होती, आणि मरायचं प्रमाण बांधकामाच्या धंद्याच्या जवळपास दहापट होतं. मोठी मोबाइल कंपनी काम देते एका मोठ्या ठेकेदाराला, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, आणि वर चढतो तो शेवटच्याचा माणूस. प्रत्येक पायरीवर पैसे थोडे कमी होतात आणि मुदत मात्र वरून ठरलेली तीच राहते.

ही साखळी वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. आपल्याकडे शेवटच्या पायरीवरची पोरं पिकअपमध्ये सामान आणि स्वतः असं एकत्र भरून रात्री प्रवास करतात, सकाळी डोंगरावर पोचतात, शेवटचा दोन-तीन किलोमीटर रस्ता नसतोच, डिश आणि लोखंड खांद्यावरून न्यायचं, मग नऊ-दहा वाजता चढायचं ते एकदम दुपार टळेपर्यंत. मेच्या उन्हात अँगल एवढा तापतो की उघड्या हातानं धरवत नाही. वळवाच्या दिवसांत पलीकडच्या खोऱ्यात वीज चमकली तरी उतरायला हवं, पण वरून उतरायलाच वीस मिनिटं लागतात. आणि आग्या मोहोळ. टॉवरवर आग्या मोहोळ असतं हे ज्यानं साइट पाहिली त्यालाच माहीत, माशा उठल्या की चाळीस मीटरवरच्या माणसाला पळायला जागा नसते, घाबरून हुक काढला तर मरण आणि नाही काढला तर डंख. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. ज्या माणसाकडून आपण एका वेळी एकच मेंबर अशी शिस्त मागतो तो त्या वेळी कोणत्या अवस्थेत असतो हे धरूनच शिस्त आखावी लागते, म्हणून सांगतोय.

माझ्या स्वतःच्या साइटवर झालेली गोष्ट सांगतो. साताऱ्याकडच्या एका डोंगरावर टॉवर मजबुतीकरणाचं काम होतं, कंपनीचं नाव घेत नाही. चार पायांचा टॉवर, तारांवरचा नाही, त्यामुळे क्लार्क्सबर्गइतका नाजूक नाही, पण पायाला चिमूट तिथंही लागतेच. पाऊस तोंडावर आलेला, सामान दोन दिवस उशिरा पोचलेलं, मला वरून दिवसातून चार फोन. पोरांनी वेळ वाचवायला म्हणून तीन पॅनेलमधल्या, म्हणजे एकावर एक असलेल्या तीन टप्प्यांतल्या, तिरक्या मेंबरचे बोल्ट एकदमच ढिले करून ठेवले, म्हणजे नंतर पटापट काढता येतील. मला खालून ते कळलंही नाही. आमच्यात एक जुने रिगर, म्हणजे टॉवरवर चढून लोखंड बसवणारे, होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते जेवण करून वर बघत होते आणि एकदम उठून म्हणाले, “साहेब, पोरांना खाली बोलवा. आत्ता.” मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, “आधी बोलवा, मग सांगतो.” पोरं उतरली. मामा एकटे वर गेले, प्रत्येक बोल्ट आवळून आले आणि मग मला जमिनीवर काडीनं रेघा मारून दाखवलं की ह्या तीन सुटल्या तर हा पाय इथून इथपर्यंत मोकळा. कोणाला काही झालं नाही. चूक माझी होती, ढिले करून ठेवू नका हे मी सकाळी सांगायला पाहिजे होतं आणि मी फक्त हार्नेस तपासले होते. त्या रात्री मी शोधत शोधत क्लार्क्सबर्गपर्यंत पोचलो.

तिथं पुढं काय झालं ते थोडक्यात. ऑक्टोबर २०१४ मध्ये ओशा आणि तिथलं दूरसंचार खातं एफसीसी यांनी एकत्र बसून कार्यशाळा घेतली, प्रशिक्षणाच्या योजना निघाल्या, २०१७ मध्ये दोघांनी मिळून चांगल्या पद्धतींची पुस्तिका काढली, आणि त्याच वर्षापासून टीआयए-१०१९ च्या जागी ए१०.४८ हे नवीन स्टँडर्ड लागू झालं. ओशानं टॉवरसाठी वेगळा नियम करायचा म्हणून २०१५ साली लोकांकडून माहिती मागवली, २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांची समिती बसवून त्यांचं म्हणणं ऐकलं, त्याच्या पुढं तो नियम काही सरकलेला नाही. आपल्याकडे बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा झाला, हार्नेससाठी आयएस ३५२१ हे भारतीय स्टँडर्ड आहे, पण मेंबर कोणत्या क्रमानं काढायचे ही गोष्ट शेवटी त्या त्या साइटच्या कागदावरच ठरते आणि तो कागद बऱ्याच वेळा ऑफिसच्या मेलमध्येच राहतो.

मामांच्या त्या दिवसानंतर मेंबर बदलायचं काम असलं की मी सकाळी टीमला गोल उभं करतो आणि ड्रॉइंग जमिनीवर पसरतो. आज कोणता मेंबर निघणार, त्याच्या आधी कोणता आधार बसणार, तो साइटवर आलाय का, हे मी सांगत नाही, वर चढणाऱ्यातल्याच एकाला सांगायला लावतो. त्याला सांगता आलं नाही तर चढायचं नाही. ज्याला हुक लावायचा नाही त्या प्रत्येक मेंबरला खालपासून लाल टेप बांधत जायचं, टेप बांधणारा पहिला चढतो. आधार आला नसेल तर त्या दिवशी फक्त केबलचं काम. बोल्ट एका वेळी एकाच मेंबरचे, ढिले सुद्धा करायचे नाहीत. पडलेल्या माणसाला खाली आणायचं रेस्क्यू किट टॉवरच्या पायाशी उघडून ठेवायचं, गाडीत नाही, कारण हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठत जातं आणि त्याच्याकडे मिनिटंच असतात. आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आणि अग्निशमन केंद्राला आदल्या दिवशी फोन, आम्ही अमुक डोंगरावर आहोत, काही झालं आणि तुम्ही आलात तर आमच्यापैकी कोणी हात करेपर्यंत टॉवरखाली येऊ नका. पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसानं विचारलं, “असं कधी झालंय का?” मी त्याला नटर फोर्टच्या त्या जवानाबद्दल सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “तुमचा नंबर द्या, बोर्डावर लिहून ठेवतो.”